मागचं डावं चाक

मे महिन्यात नागपुरात सगळंच गळतं:
खिडकीतला कूलर, माठाचं बूड,
एसीचा पाइप, माणसाचं कपाळ.
म्हणून पोर्चमधल्या ओल्या डागाचा
मी आठ दिवस संशयच घेतला नाही.

नवव्या दिवशी कूलर बंद होता, खस बदलायची म्हणून.
डाग होताच.
बशीएवढा, उन्हालाही न जुमानणारा.
बावीस वर्षं लोकांचं रक्त नळ्यांत भरते मी,
आणि हा थेंब मला वाचता आला नाही.

त्याच संध्याकाळी, सेमिनरी हिल्सच्या उतारावर,
पेडल पायाखालून निघून गेलं.
अंधारात अजून एक पायरी आहे समजून
पाऊल टाकावं, आणि ती नसावी, तसं.
पुन्हा दाबलं. पुन्हा. मग कुठे
तळाशी काहीतरी नाखुशीनं अडलं.
हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली
आणि समोरच्या रसवंतीवाल्याला
उगाचच विचारलं, ग्लास केवढ्याला?

सकाळी क्रेननं, मागून उचलून,
गोळीबार चौकातल्या गल्लीत नेली.
रुपचंद नंदनवारच्या गॅरेजात खड्डा आधीपासूनच होता,
त्याच्या बापाच्या मागाचा.
म्हातारा त्यात पाय सोडून लुगडी विणायचा.
माग भंगारात गेला. खड्डा रुंद झाला.

"एकदम बसलं का हळूहळू?
किती दिवसापासून? कोन्या बाजूनं?"
रुपचंदला एका कानानं ऐकू येत नाही,
दुसऱ्यानं अर्धवट. तरी उत्तरं नीट ऐकतो.
बॉनेटखालच्या डबीत तेल खालच्या रेघेच्याही खाली.
"मग भरून द्या ना," मी म्हटलं.
त्यानं माझ्या पांढऱ्या एप्रनकडं पाहिलं.
"तुमी जखम न पाहता बाटली लावता का जी?"

एसीचं पानी समोर गळते, हे मागं हाय, म्हणाला.
रिमच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं,
अंगठ्यावर घासलं. "पानी नोहे. पानी असं सरकत नाही."
ड्रम निघेना. हातोडीनं गोल गोल
ठोकत राहिला, समजूत काढल्यासारखा.
निघाला तेव्हा आत सगळं भिजलेलं,
आणि सिलिंडरच्या टोकाशी, स्क्रूड्रायव्हरनं
रबराची टोपी उचलताच, एक थेंब
निवांत खाली आला.
शर्टाच्या गुंडीएवढं रबर.
माझं सगळं थांबणं त्याच्या भरवशावर होतं.

नवीन सिलिंडर साडेतीनशे. लायनर वेगळे.
पोऱ्या लग्नाला गेलेला, भंडाऱ्याला,
म्हणून हवा काढायला मलाच बसवलं सीटवर.
तो खड्ड्यात. दिसत नाही.
"दाबा."
"धरलं!" मी ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही.
मग ठरलं: त्यानं पान्यानं एकदा ठोकायचं, मी दाबायचं.
दोनदा ठोकलं की सोडायचं.
मधल्या वेळात फक्त धरून ठेवायचं,
पेडल खाली जात असलं तरी.

मूठ आवळा. धरा. सोडा आता.
दिवसातून साठदा सांगते मी हे,
आणि कुणाचा हात थरथरला तर वैतागते.
माझी पोटरी थरथरत होती.

टक्.
टक् टक्.
"या लागले फुगे!" खालून आवाज आला,
पारदर्शक नळीतून निघालेले,
सिरिंजला टिचकी मारून मी काढते तसलेच.
डबी तो मधूनमधून भरत होता.
कितव्यांदा ते मोजलं नाही,
पण एकदा पेडल अर्ध्यातच उभं राहिलं. घट्ट.
खालून कुणी तळवा लावावा तसं.

वर येऊन त्यानं आधी मडगार्डवर सांडलेलं धुतलं,
"हे रंग खाते," एवढंच बोलला.
मग गल्लीत गाडी चालवून चारदा थांबला.
चौथ्यांदा एका कोंबडीसाठी.

पाच दिवस झाले, मागच्या चाकाखाली पुठ्ठा ठेवते.
आज त्यावर ओल होती.
वाकले, बोट टेकवलं, अंगठ्यावर घासलं,
वास घेतला.
खस.